नकाशातलं पाणी

यंदा जर्दाळूचा मोहर झडून फळं वाटाण्याएवढी झाली नाहीत, तोच खालच्या आळीचा पाट कोरडा पडला.

चोन-जिगदे गावाला पाणी एकच. डोंगरातली नदी, नदीवरचा दगडी बांध आणि बांधापासून निघालेला पाट. तो आधी वरच्या आळीतून फिरतो, मग शाळेपुढच्या पुलाखालून खाली उतरतो. एर्मेकची बाग पार टेलाला, पाटाच्या शेवटाला. तिच्यापुढं नुसतं माळरान आणि सीमेच्या चौकीची तार.

रशियात बांधकामावरून पडून एर्मेकचा उजवा खांदा कायमचा निकामी झाला होता. फावडं कसंबसं चाले, पण बादली उचलली की त्याचं तोंड वाकडं होई. म्हणून त्याची बायको सालिमा आणि दहावीतली मुलगी जिपार गाढवावर कॅन लादून नदीवरून पाणी आणत. परतीची वाट उताराची, पण दगडाधोंड्यांची. गाढव बिचकलं की कॅन घसरे आणि जिपारच्या मांडीवर आदळे. मांडी काळीनिळी झाली होती. एवढं करून झाडाच्या बुंध्याशी पाणी ओतलं की माती ते सर्रकन पिऊन टाकी. झाड होतं तसंच.

"आई, हे म्हणजे तापल्या तव्यावर थुंकणं झालं."

"मग नको थुंकू," सालिमा म्हणाली. "कॅन उचल."

शाळेत तेव्हा नाईल नदीचा धडा चालला होता. इतिहासाचे मास्तर मॉस्कोला टॅक्सी चालवायला गेले होते, भूगोलाची बाई लग्न होऊन ओश शहरात गेली होती. त्यामुळं इतिहास, भूगोल आणि 'माणूस आणि समाज' असे तिन्ही विषय बुर्माकान एजेकेंच्या गळ्यात पडले होते. बाईंना सगळे एजेके, म्हणजे ताई, म्हणत. वय पन्नाशीचं. गुडघे दुखायचे, म्हणून खुर्चीवर बसूनच शिकवायच्या. एका बाकावर एक पुस्तक, त्यातही नाईलचं शेवटचं पान कुणीतरी फाडलेलं. बाई सांगायच्या, मुलं उतरून घ्यायची.

त्या दिवशी बाईंनी मध्येच पुस्तक मिटलं.

"नाईल पाठ झाली म्हणून तुमच्यातलं कुणी तिकडं पाणी भरायला जाणार नाही. आपल्या पाटाचा अभ्यास करा. कुणी खणला, हा इतिहास. कुठून कुठं जातो, हा भूगोल. कुणाला मिळतो आणि कुणाला नाही, हा समाज. ज्याचं काम चांगलं होईल त्याला मी जिल्ह्याच्या स्पर्धेला नेईन."

"एजेके, नाईलच बरी," मागच्या बाकावरून वरच्या आळीतला मेदेर म्हणाला. "ती लांब आहे."

वर्ग हसला. बाईही हसल्या. जिपार मात्र हसली नाही. कधी नव्हे ते शाळेतलं काहीतरी तिला आपल्या घरापर्यंत येताना दिसलं होतं.

रविवारी बापाची मोजपट्टी आणि एक काठी घेऊन ती बांधापासून निघाली. कुणापासून काही लपवायचं तिच्या मनातही नव्हतं, आणि कुणी काही लपवलंही नाही. तुर्सुनाय आजी दारात लोकर पिंजत बसली होती. तिनं सांगितलं, पाट खणला तेव्हा ती परकराच्या ओच्यात माती वाहायची. "खडकातला भाग कुणी फोडला ठाऊक आहे? तुझ्या पणज्यानं आणि खालच्या माणसांनी. वरच्यांनी मऊ माती खणली. तेव्हासुद्धा हे असंच होतं गं."

थोडं पुढं गावप्रमुख कायिपच्या घरामागं माशांचं तळं होतं. पाट तिथं फोडलेला, फोडीत माती भरलेलं पोतं कोंबलेलं. हवं तेव्हा काढायचं, हवं तेव्हा घालायचं. कायिपच्या बायकोनं जिपारला बसवून चहा दिला, नानवर साय फासून दिली.

"शाळेचं आहे होय? लिही, लिही. मासेपण लिही. जिल्ह्याचे साहेब येतात खायला."

पुढं कायिपच्या भावाची पॉपलरची रोपं, हिरवीगार. तिथं दुसरी फोड. शाळेच्या अलीकडं गाड्या धुवायची जागा. तिथं तर पाईपच टाकलेला. जिपार ठिकठिकाणी काठी बुडवून पाहत होती. बांधाजवळ पाणी गुडघ्याला होतं, पुलाखाली घोट्याला. आणि घराजवळच्या पाटात तळाच्या भेगेतून एक सरडा मान वर काढून बसला होता.

भिंतीला लावायच्या कागदाचा एक उरलेला गुंडाळा घरात होता. त्याच्या मागच्या बाजूला तिनं नकाशा काढला. वर जाड निळा पाट, मग बारीक, आणखी बारीक. पुलाखाली नुसती तपकिरी रेघ. प्रत्येक फोडीपाशी लाल खूण. खाली खणणाऱ्यांचा इतिहासही लिहिला, तुर्सुनाय आजीच्याच शब्दांत.

एर्मेक हात पुसत आला, उभ्यानंच बघत राहिला.

"हे कुणी सांगितलं काढायला?"

"एजेकेंनी."

"तिला यंदा बटाट्यांना पाणी नको वाटतं."

वर्गात नकाशा फळ्यावर लागला. नवीन असं त्यात कुणालाच काही नव्हतं. त्याच फोडींवरून उड्या मारत ती पोरं शाळेत यायची. तरी सगळी बघत राहिली.

"टेलाची गाढवं आता नकाशे काढायला लागली," मेदेर म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही.

बुर्माकान एजेके खुर्चीतून उठल्या. निळ्या रेघेवरून बोट फिरवत खालपर्यंत आल्या. तपकिरी रेघेवर त्यांचं बोट थांबलं. "हा जिल्ह्याला जाईल," त्या म्हणाल्या. जिपारचे कान तापले. ती दुपारी घरी धावतच गेली आणि न सांगता नदीवर एक खेप जास्त केली.

शुक्रवारी एर्मेकची पाण्याची पाळी होती. तिघं फावडी घेऊन पहाटेपासून बागेत पाणी घ्यायच्या दाराशी उभी. सालिमानं झाडांभोवतीची आळी नीट बांधून ठेवली होती, जिपारनं पाटातला पालापाचोळा काढला होता. ऊन अंगावर आलं. पाणी नाही. शेवटी एर्मेक वर निघाला आणि जिपार फावडं घेऊन त्याच्या मागं.

पाणी सोडणारा पाटकरी तोलोन पुलाच्या कठड्यावर बसून बूट धूत होता. पाटात पाणी होतं, पण खाली सोडलेलं नव्हतं. जवळच चारपाच माणसं उन्हाला बसलेली.

"तोलोन, आज आमची पाळी."

"हो का? मला काय ठाऊक! पाणी कुठं जातं ते आता तुझी पोरगी ठरवते ना?"

"पोर आहे रे. शाळेचं काम होतं."

"एर्मेक बायके, मला याच गावात राहायचंय," तोलोन थोरल्या भावाला हाक मारावी तसं, बुटात हात घालून चिखल काढत म्हणाला. "कायिपचं तळं मी बंद करू? त्याचा भाऊ माझा श्वास बंद करील. हे काय कुणाला माहीत नव्हतं? सगळ्यांना माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि भिंतीवर चिकटवणं वेगळं."

"नकाशाच पाज की झाडांना!" बसलेल्यांतला एकजण म्हणाला. बाकीचे खिदळले.

एर्मेकनं डोक्यावरची टोपी काढली, उगाच झटकली, पुन्हा घातली. मग म्हणाला, "चुकलं. माफ करा."

जिपारनं बापाला कुणाची माफी मागताना कधी ऐकलं नव्हतं. तिला वाटलं, हातातलं फावडं पाण्यात टाकावं आणि आपणही त्याच्या मागं पडावं. परतताना तो पुढं, ती मागं. घरी आल्यावर कोरड्या आळ्यात त्यानं फावडं असं हाणलं की खांदा धरून खाली बसला.

"तुझ्या इतिहास-भूगोलानं माझी बाग वाळवली."

"वाळतच होती," सालिमा म्हणाली आणि त्याच्या खांद्याला मेंढीची चरबी चोळायला बसली.

दोन दिवसांनी संध्याकाळी बुर्माकान एजेके बिस्किटांची पिशवी घेऊन दारात आल्या. त्यांना सतरंजीवर बसायला वेळ लागला. सालिमानं चहा ओतला. बाई बराच वेळ सीमेपलीकडच्या भावंडांविषयी, गुडघ्यांविषयी बोलल्या. मग पियाल्यात बघत म्हणाल्या, "जिपार, त्या लाल खुणा काढ. फक्त तेवढ्याच. बाकी सगळं तसंच ठेव."

"का?"

"कायिपनं बोलावलं होतं. शाळेचा हिवाळ्याचा कोळसा त्याच्या हातून येतो. मागच्या माघात लहान वर्गात पोरं हातमोजे घालून लिहीत होती, तू बघितलंस. आणि स्पर्धेवाल्यांनाही भांडणं नको असतात."

"लाल खुणा काढल्या तर पाट मध्येच बारीक का होतो ते कसं कळणार?"

"मग बारीक करू नको."

"म्हणजे पाणी खालपर्यंत गेलंय असं दाखवू?"

"दिसू दे तसं. कागदच आहे."

"एजेके, 'माणूस आणि समाज'मध्ये तुम्हीच सांगितलंत. सामाईक गोष्टीवर प्रश्न विचारायचा हक्क नागरिकाला असतो. तुम्ही दोनदा उतरवून घ्यायला लावलं होतं."

"ते परीक्षेसाठी गं," बाई म्हणाल्या आणि म्हणता म्हणता त्यांचा चेहरा पडला. त्यांनी बिस्किटांची पिशवी उगाच जरा पुढं सरकवली.

"काढेल ती," एर्मेक कोपऱ्यातून म्हणाला. "उद्याच काढेल."

जिपारनं दुसरा नकाशा काढला. पाट बांधापासून टेलापर्यंत एकसारखा निळा. रंग कमी पडेल असं तिला वाटलं होतं, मनातून तशी आशाच होती, पण पुरला. तळं, पॉपलर, गाड्यांची जागा यांपैकी काही नाही. तुर्सुनाय आजीच्या खडकाच्या जागी 'सर्व गावकऱ्यांनी एकजुटीनं' असं आलं. हे शब्द बाईंनी सांगितले. जिपारनं ते इतक्या दाबून लिहिले की कागदाच्या पलीकडून वाचता आले असते.

त्याच आठवड्यात पाणी आलं. गढूळ, पातळ, वर बदकांची पिसं तरंगत. एर्मेक ओरडतच धावला, "आलं! आलं गं!" सालिमा पाण्याचं दार धरून उभी राहिली, जिपार आळ्यामागून आळं फोडत गेली. पायाला गार चिखल लागला. किती दिवसांनी तिला बरं वाटत होतं. आणि आपल्याला बरं वाटतंय याचीच तिला लाज वाटत होती.

जिल्ह्याच्या ठिकाणी टाय लावलेल्या एका तरुण परीक्षकानं नकाशाचं फार कौतुक केलं. "किती सुबक! मात्र शेवटी एखादा आशादायक निष्कर्ष हवा होता." जिपारला दुसरा क्रमांक मिळाला आणि शाळेसाठी प्लास्टिकचा पृथ्वीगोल. घरी जाताना मिनीबस खड्ड्यात आदळली तेव्हा तो गोल विषुववृत्तावर उलला. बुर्माकान एजेके वाटभर दोन्ही अर्ध्या पृथ्व्या मांडीवर दाबून बसल्या होत्या. नकाशा कायिपनं काचेच्या चौकटीत बसवून आपल्या कचेरीत लावला.

फळं पिकायला लागली, पण तोवर अर्धी गळाली होती. पहिला लाल खुणांचा नकाशा सालिमानं केव्हाच जर्दाळू वाळवायच्या फळीवर अंथरला होता. रसानं लाल आणि निळं एक होऊन त्याचा नुसता डाग झाला होता.

अशातच बातमी आली की पाटाला सिमेंटचं अस्तर होणार आणि शहरातून साहेब पाहायला येणार. खालची आळी हातातलं काम टाकून कचेरीपुढं जमली. एर्मेकनं धुतलेला सदरा घातला. सालिमा आणि जिपार जर्दाळूनं चिकट झालेल्या हातांनीच आल्या. पाट एकदा टेलापर्यंत पक्का झाला, तर पोतं कोंबायला आणि फोडायला जागाच उरणार नव्हती. सगळ्यांच्या मनात एवढंच होतं.

आत कायिप, तोलोन, साहेब आणि नकाशा समजावून सांगायला बोलावलेल्या बुर्माकान एजेके. दारात गर्दी. साहेबानं चष्मा वर करून चौकटीत पाहिलं.

"सिमेंट मोजकंच आहे. वरच्या भागात माती भुसभुशीत, तिथं घालायलाच हवं. खाली पाट चांगला भरून वाहतोय. पुलापर्यंत करू. पुढं गरज दिसत नाही."

"साहेब, खाली पाणीच येत नाही," एर्मेक दारातून म्हणाला.

"हा गावच्याच मुलीनं मोजून काढलेला नकाशा आहे म्हणतात. बक्षीस मिळालंय त्याला."

जिपार बापाच्या काखेखालून आत शिरली. "मी काढलाय तो. तो खोटा आहे."

कायिप हसला. "पोरी, बक्षीस घेताना खरा होता की!"

"खोटा होता, तर काढलास कशाला?" साहेबानं विचारलं. त्याचा स्वर रागाचा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

जिपारनं बापाकडं पाहिलं. एर्मेक स्वतःच्या हातांकडं पाहत होता. तोलोन खिडकीबाहेर. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"मी सांगितलं तिला," बुर्माकान एजेके म्हणाल्या. वर्गात सांगतात तशाच, प्रत्येक शब्द सुटा. "आधीचा नकाशा खरा होता. त्यात पाट कुठं कुठं फोडलाय ते होतं. मी ते काढायला लावलं. कायिप बायकेंनी मला सांगितलं आणि मी तिला सांगितलं."

"बाई, तुमची तब्येत बरी दिसत नाही," कायिप म्हणाला.

"गुडघे दुखतात. बाकी बरी आहे."

साहेब अवघडला. "तो आधीचा कुठंय?"

"त्यावर जर्दाळू वाळतायत," सालिमा म्हणाली. "नकाशे कशाला हवेत? पूल इथं समोर आहे. चला आणि बघा."

साहेब निघाला. सगळी गर्दी त्याच्या मागं पुलावर आली. आणि पुलाखाली पाट वाहत होता. काठोकाठ, खळाळत, स्वच्छ. खालच्या आळीनं आपल्या पाटात एवढं पाणी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तोलोन हळूच माणसांच्या मागं सरकला.

"वाहतंय की!" साहेब म्हणाला.

"आज सोडलंय," जिपार ओरडली. "तुम्ही येणार म्हणून सोडलंय!"

"म्हणजे सोडतात ना?"

तिनं मागं वळून पाहिलं, तर गर्दी पातळ होत होती. एकेक माणूस पाण्याकडं बघे, शेजाऱ्याकडं बघे आणि झपाझप खाली चालू लागे. पाणी आलं होतं, ते केव्हा तुटेल याचा नेम नव्हता, आणि झाडांची आळी कोरडी होती. दोन बायका चपला हातात घेऊन पळाल्या. एर्मेकनं एकदा साहेबाकडं पाहिलं, एकदा पाण्याकडं.

"बाबा, थांबा ना," जिपार म्हणाली. "बाबा!"

"झाडं आहेत गं," तो म्हणाला आणि धुतलेल्या सदऱ्यानिशी पळत सुटला.

पुलावर जिपार, सालिमा आणि बुर्माकान एजेके एवढ्याच उरल्या. साहेबानं घड्याळ पाहिलं. काही तक्रार असेल तर लेखी पाठवा म्हणाला. गाडी गेली. संध्याकाळच्या आत पाणी बंद झालं.

सप्टेंबरात शाळा उघडली तेव्हा 'माणूस आणि समाज' आणि भूगोल कायिपच्या जावयाकडं गेले होते. तो कवायतीचा मास्तर. शिट्टी गळ्यात ठेवूनच तो पुस्तक वाचून दाखवी आणि नदीला मुख कुठं असतं ते त्याला सांगता येत नसे. बुर्माकान एजेकेंकडं इतिहास तेवढा राहिला, तोही लहान वर्गांचा. वाटेत भेटल्या तर त्या जिपारला अभ्यासाचं विचारीत. जिपार उत्तर देई. रागवावं असं तिला वाटे, पण कुणावर ते ठरत नसे.

सिमेंटचं काम निघालं, तेव्हा मजूर खालच्या आळीतलेच घेतले. वरच्यांना पॉपलर आणि मासे होते, खालच्यांना यंदा विकायला फारसं काही नव्हतं. एर्मेकही गेला. मॉस्कोत हेच काम केलेलं, त्यामुळं त्याचा हात साफ होता. डाव्या हातानं थापी चालवायला शिकला होता. अस्तर आरशासारखं गुळगुळीत करी. तळ्यापाशी फोडीच्या जागी लोखंडी दार बसवलं गेलं, कुलपासकट; किल्ली कायिपकडं. ते दार पक्कं करायचं कामही एर्मेककडंच आलं.

शेवटच्या दिवशी जिपार त्याचं जेवण घेऊन पुलापाशी गेली. नान, दोन टोमॅटो, बाटलीत चहा. अस्तर पुलाखाली येऊन संपत होतं. कडेला एर्मेक गुडघ्यांवर बसून ओलं सिमेंट कापून सरळ करत होता. त्याच्यापुढं जुना मातीचा पाट, त्यात वाळलेलं गवत.

मुकादम बाहेरगावचा होता. हात धुता धुता त्यानं त्या गवताकडं पाहिलं.

"याच्यापुढं काय आहे?"

एर्मेकनं थापी थांबवली नाही. खाली मान घालून कड सरळ करत राहिला. मुकादमाला वाटलं त्यानं ऐकलं नाही. तो पुन्हा विचारणार, तोच जिपारनं जेवणाचं गाठोडं खाली ठेवलं.

"पुढं आम्ही राहतो," ती म्हणाली.